ईमेलवर कूपन पाठवून गिऱ्हाईक खरंच दुकानात येतं का?

दुकानमांडणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमचं डोंबिवली पूर्वेला, फडके रोडपासून दोन गल्ल्या आत, लेडीज कुर्ते, ड्रेस मटेरियल आणि साड्यांचं दुकान आहे. दहा बाय पंचवीसचा गाळा. सासऱ्यांनी चालू केलेलं आणि सकाळची भवानी अजून तेच घेतात. दुपारनंतर गल्ल्यावर मी.

लग्नसराई संपली की आषाढात आम्ही माशा मारत बसतो. गेली दोन वर्षं बिल करताना ज्यांना चालेल त्यांचा ईमेल घेते, बिल मेलवर पाठवण्यासाठी. मोजले तर ४१२ पत्ते निघाले. भाचा म्हणतो, "मामी, सगळ्यांना २० टक्के सुटीचं कूपन पाठव, रांग लागेल." बाबा, म्हणजे सासरे, म्हणतात, "सूट द्यायची तर दारावर पाटी लाव, पत्रं कसली पाठवतेस?"

कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? ऑनलाइन विक्री नाही आमची. माणूस दुकानात यायला हवा, एवढंच.

खवचट

माझ्या इनबॉक्सात न वाचलेल्या मेल्स ११ हजारांच्या वर आहेत. त्यातल्या निम्म्या कुणीतरी मला काहीतरी स्वस्तात देऊ करणाऱ्या. तुमची कुठे दिसणार? व्हॉट्सॲपवर टाका की.

जुनी_पाटी

व्हॉट्सॲपवरून मी हात पोळून घेतलेत. स्टेशनरीचं दुकान आहे, जूनमध्ये वह्या-पुस्तकांची गर्दी, म्हणून ब्रॉडकास्ट लिस्ट केली. तीत २५६ च माणसं बसतात, आणि ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच निरोप जातो. आमचा नंबर सेव्ह करून ठेवणारे पालक किती असतील? मग ग्रुप काढला. दोन दिवसांत त्यावर गुड मॉर्निंग, तिसऱ्या दिवशी कुणाची तरी स्कूटर विकायला, आणि चौथ्या दिवशी "या दुकानात अमुक पेन महाग मिळतं" अशी चर्चा. माझ्याच ग्रुपवर!

एसएमएसचा विचार केला तर डीएलटीवर (धंद्याच्या एसएमएससाठीची मोबाइल कंपन्यांची नोंदणी-यंत्रणा) नोंदणी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), प्रत्येक मजकुराचा साचा मंजूर करून घ्या. एका गाळ्याच्या दुकानाला ते झेपत नाही.

मग ईमेलकडे वळलो आणि पहिल्याच दिवशी १८० लोकांचे पत्ते 'बीसीसी'ऐवजी 'टू' मध्ये टाकले. प्रत्येकाला इतर १७९ जणांचे पत्ते दिसले. त्यात एक वकीलबाई होत्या. त्या दुकानात येऊन काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. ताई, एवढी एक चूक तेवढी करू नका.

हिशेबी

कूपन पाठवायचं कसं ते नंतर बघू. आधी २० टक्के म्हणजे काय ते बघा. १००० चा कुर्ता, पडतळ (तुम्हाला पडलेली किंमत) ६०० असं धरू. सूट नसताना हातात ४००. २० टक्के सूट दिली की ८०० ला विकला, हातात २००. म्हणजे गिऱ्हाइकाला पाचवा भाग दिला आणि तुमचा अर्धा नफा गेला. पूर्वीइतकेच पैसे मिळवायला दुप्पट कुर्ते विकायला हवेत. आषाढात. १० टक्के दिले तर हातात ३००, तेव्हा तिसरा हिस्सा जास्त विकायला हवा. तेसुद्धा सोपं नाही, पण निदान विचार करण्यासारखं आहे.

टक्क्यांपेक्षा ठरावीक रक्कम बरी. "१५०० च्या वरच्या खरेदीवर २०० कमी." १५०० च्या बिलावर तुम्हाला ६०० मिळणार होते, ४०० मिळतील. बिल २५०० वर गेलं तर १००० चे ८००. बिल जितकं मोठं तितकी तुमची टोचणी कमी, आणि गिऱ्हाईकही १३०० वर थांबलेलं असेल तर एक ओढणी उचलतं.

अवांतर: भाच्याला विचारा, रांग लागली तर दहा बाय पंचवीसमध्ये उभी कुठे करायची.

ओकट्रीकर

न्यू जर्सीत एडिसनजवळ छोटं किराणा दुकान चालवतो, म्हणून दोन शब्द. इथे कूपन लोकांच्या रक्तात आहे. कोका-कोलाने १९ व्या शतकाच्या शेवटीच फुकट ग्लासाची कूपनं वाटली होती. रविवारच्या पेपरातून कात्रीने कूपनं कापणारी शेजारीण मी स्वतः पाहिलीय. त्यामुळे ईमेल कूपन इथे नवलाचं नाही. पण दोन मोठ्या दुकानांची गत सगळ्या छोट्या दुकानदारांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

बेड बाथ अँड बियाँड हे घरसामानाचं दुकान. त्यांचं २० टक्क्यांचं निळं कूपन घरोघरी यायचं, टपालाने आणि मेलने. मुदत उलटलेलं कूपनसुद्धा काउंटरवर चालवून घ्यायचे. लोक गाडीत गठ्ठा ठेवायचे. परिणाम असा की कूपनाशिवाय तिथे खरेदी करणारा माणूस वेडा ठरू लागला. छापील किमतीला काही अर्थच उरला नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच आठवड्यात कूपनं घेणं बंद केलं. दुकान मोडायला कारणं पुष्कळ होती, एकट्या कूपनावर खापर फोडत नाही.

उलटं उदाहरण जेसी पेनीचं. २०१२ मध्ये रॉन जॉन्सन नावाच्या नव्या प्रमुखाने सगळी कूपनं आणि सेल बंद करून "रोज एकच रास्त भाव" आणला. आपल्याकडच्या 'एकच भाव'च्या पाटीसारखं. त्या वर्षी विक्री साधारण पाव हिश्शाने घसरली, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये त्यांना जावं लागलं. भाव प्रामाणिक होते, पण वर्षानुवर्षं कूपनाची सवय लागलेल्या गिऱ्हाइकाला आपण काही वाचवलं असं वाटेना.

मी स्वतः आठवड्याला एक मेल पाठवतो आणि त्यातलं कूपन फक्त मंगळवार-बुधवारचं असतं. शनिवार-रविवारी दुकान आपोआप भरतं, तेव्हा सूट द्यायची गरज काय? कोथिंबीर किंवा भेंडी जवळपास पडतळीत देतो. माणूस तेवढ्यासाठी येतो आणि तांदळाची पिशवी घेऊन जातो. कपड्यांत कोथिंबिरीच्या जागी काय ठेवाल ते तुम्ही बघा. फॉल-बिडिंग?

दुकानमांडणी

फॉल-बिडिंग! हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही बाहेरून करून घेतो, खर्च फार नाही.

हिशेबी, तुमचं गणित बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे मी गेली पस्तीस वर्षं सांगतोय." कुणाला सांगत होते कोण जाणे.

सर्व्हरखाली

पाठवण्याचं तेवढं सांगतो, कारण यात लोक हमखास अडकतात.

फुकटच्या जीमेलवरून दिवसाला ५०० पर्यंत पत्त्यांना मेल जाते, म्हणजे तुमचे ४१२ बसतील. पण एकदम तीच मेल शेकडोंना गेली की गूगलला संशय येतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत. दिवसाला पाच हजारांवर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच नावाने गेलीय हे पटवणाऱ्या तांत्रिक खुणा) हे तिन्ही लागतात, शिवाय एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय. तुम्ही त्या आकड्याच्या जवळपासही नाही, पण सवय तीच ठेवा. हजारात तीन लोकांनी 'स्पॅम' म्हणून कळवलं की गूगलच्या लेखी तुम्ही वाया गेलात. तुमच्या यादीत ते प्रमाण म्हणजे एक-दोन माणसं!

मेल पाठवणाऱ्या सेवांपैकी कुठलीही घ्या, छोट्या यादीला बऱ्याच फुकट असतात. मात्र पाठवणाऱ्याच्या जागी जीमेलचा पत्ता ठेवू नका, दुकानाच्या नावाचं डोमेन घ्या. जीमेलचा पत्ता लावून दुसऱ्याच सर्व्हरवरून गेलेली मेल तोतयाची समजली जाते.

भाचा सुंदर झेंडूची तोरणं लावलेलं चित्र करून त्यात कूपन टाकेल. टाकू देऊ नका. चित्र उघडलं नाही तर मेल कोरी. कोड, रक्कम, मुदत आणि दुकान किती ते किती उघडं, हे साध्या अक्षरांत हवं.

आणि "किती जणांनी उघडली" या आकड्यावर खूश होऊ नका. २०२१ च्या सप्टेंबरपासून ॲपलचं मेल ॲप स्वतःच चित्रं आधी उतरवून ठेवतं, त्यामुळे न उघडलेली मेलही उघडलेली दिसते. गल्ल्यावर किती कूपनं आली तेवढंच खरं.

खवचट

आणि तरीही ती जीमेलच्या 'प्रमोशन्स' या जाहिरातींच्या खणात जाऊन पडणार. तो खण २०१३ पासून आहे आणि मी तो एकदाही उघडलेला नाही.

सर्व्हरखाली

पडणारच. पण दिवाळीआधी 'कुर्ता' असं शोधाल तेव्हा तिथूनच वर येईल. शिवाय ओळखीच्या दुकानाला लोक उत्तर देतात. एकदा उत्तर दिलं की पुढची मेल मुख्य खणात यायची शक्यता वाढते.

नियमावली

माफ करा, पण मूळ मुद्दा सुटतोय. ताईंनी पत्ते बिल पाठवण्यासाठी घेतलेत. जाहिरातीसाठी नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा रोख हाच आहे की ज्या कामाला माहिती घेतली त्याच कामाला वापरायची, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं होतं की बिलासाठी मोबाइल नंबर द्याच असा आग्रह धरू नका.

ओकट्रीकरांच्या देशातही मेलमध्ये दुकानाचा टपालाचा पत्ता लागतो आणि 'नको' म्हणणाऱ्याला कामकाजाच्या दहा दिवसांत यादीतून काढावं लागतं. २००३ चा कायदा आहे तो.

दुकानमांडणी

बरोबर आहे तुमचं. मला स्वतःला एका लॅबने रक्ततपासणीच्या रिपोर्टसाठी घेतलेल्या पत्त्यावर रोज 'पॅकेज' पाठवून हैराण केलंय. तेच मी करणार होते.

आधी एकच साधी मेल पाठवते. "महिन्यातून फार तर एकदा दुकानाची बातमी आणि कूपन हवं असेल तर 'हो' एवढंच लिहा. काही लिहिलं नाही तर पुन्हा त्रास देणार नाही."

खवचट

बारा जण हो म्हणतील. पैज.

दुकानमांडणी (नऊ दिवसांनी)

खवचट, पैज हरलात. ६१.

पण आधी वाईट बातमी. ३७ मेल्स परत आल्या. पत्ते चुकीचे. 'जीमेल.कॉन' असं लिहिलेले सात, एकात 'जीमेल' मधलं आय हे अक्षर गायब, आणि बरेच वहीत लिहिलेलं मला न लागल्यामुळे. म्हणजे दोन वर्षं या लोकांना बिलंसुद्धा गेली नव्हती आणि एकानेही तक्रार केली नाही! आता बिल समोरच पाठवते आणि "आलं का बघा" म्हणते.

'हो' लिहिणाऱ्यांत नऊ जणींनी नुसतं हो न लिहिता पत्र लिहिलंय. एकीने विचारलंय, तुमचे बाबा बरे आहेत ना. एकीला २०२४ च्या दिवाळीत घेतलेल्या कुर्त्याच्या जोडीची सलवार हवीय. हे वाचून बाबांचं मत थोडं पातळ झालंय.

संख्यावेडी

मी सुचवणार होते की दर पाचव्या माणसाला मुद्दाम कूपन न पाठवता बघा. पाठवलेल्यांतले किती आले आणि न पाठवलेल्यांतले किती, यातला फरक म्हणजे कूपनाची खरी कमाई. नाहीतर आपोआप येणारीही कूपनाच्या खात्यावर जमा होते. पण ६१ मध्ये तो प्रयोग फोल आहे. बारा जणींना वगळलं आणि त्यातल्या दोन आल्या काय किंवा तीन आल्या काय, त्यावरून काहीच म्हणता येणार नाही. पावसाने तेवढा फरक पडतो.

त्याऐवजी प्रत्येक कूपनाला वेगळा क्रमांक द्या आणि ती बाई याआधी कधी आली होती ते बिलबुकात बघून पुढे लिहा. लहान यादीत माणूस न् माणूस ओळखता येतो, हाच तिचा फायदा.

जुनी_पाटी

वेगळ्या क्रमांकाला दुजोरा. सगळ्यांना एकच कोड दिला की त्याचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर. मुदत आणि "एका बिलाला एकच" हेही लिहा, नाहीतर एक काकू तीन कोड घेऊन तीन बिलं करायला लावतील. अनुभव आहे.

धागेदोरे

कपड्यांचं म्हणून करातली गंमत सांगतो, बहुतेकांना माहीत नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांच्या नगाला २५०० पर्यंत ५ टक्के जीएसटी आणि त्यावर १८. बिलावरच दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते. आता करापूर्वी २६०० चा कुर्ता घ्या. १८ टक्के लागून बिल ३०६८. त्यावर तुमचं २०० चं कूपन लावलं की किंमत २४००, कर ५ टक्के, बिल २५२०. गिऱ्हाइकाचे ५४८ वाचले, तुमच्या खिशातून गेले फक्त २००.

दोन नग असतील तर सूट दोघांवर प्रमाणात वाटायची. २६०० आणि १४०० घेतले तर पहिल्याच्या वाट्याला १३०, म्हणजे २४७०, तरी मर्यादेत. पण तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सूट खालच्या बेरजेतून वजा करत असेल तर दर १८ च राहील, आणि गिऱ्हाइकाला जास्त कर लागेल. सूट नगावर टाका. सीएंना एकदा दाखवून घ्या, विशेषतः लेबलवर सर्व करांसह किंमत छापलेली असेल तर. साड्यांना ही भानगड नाही, त्या कापडात मोडतात.

हिशेबी

वाचनखूण साठवली. हे एकटंच धाग्याचे पैसे वसूल करून गेलं.

दुकानमांडणी (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, पण हिशेब घेऊन आलेय.

कूपन: १५०० च्या वर २०० कमी, साडी घेतल्यास फॉल-बिडिंग फुकट, मुदत आषाढ अमावास्येपर्यंत, सोमवार ते गुरुवार. ६१ जणींना पाठवलं. १४ आल्या.

संख्यावेडी, बिलबुक काढून बसले. १४ पैकी ९ जणी आमच्या नेहमीच्या. त्यातल्या चौघी तर मेच्या आधीच्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी चक्कर मारतायत. या नऊ जणी कूपनाशिवायही आल्याच असत्या असं मी धरते. त्यांना दिलेले १८०० गेले म्हणायचे. उरलेल्या ५ जणी गेल्या दिवाळीपासून फिरकल्या नव्हत्या. त्यांची बिलं मिळून सूट धरण्याआधी ११,४०० ची. चाळीस टक्क्यांनी ४५६०, त्यातून कूपनाचे १०००, राहिले ३५६०. त्यातून ते १८०० वजा करून १७६० रुपये. फॉल-बिडिंग तिघींनी घेतलं, त्याचा खर्च यातून जायचाय. माझ्या चार संध्याकाळी धरल्याच नाहीत.

खवचट

म्हणजे डोंगर पोखरून...

हिशेबी

उंदीर नाही हो. पाच गिऱ्हाइकं परत आली. त्यातली दोन जरी गौरी-गणपतीला पुन्हा आली, विनासूट, तर गणित वेगळं. पण ताई, पुढच्या वेळी नऊ जणींना कूपन पाठवायचंच कशाला? आठ महिने न आलेल्यांनाच पाठवा. १८०० तिथेच वाचतील.

दुकानमांडणी

हेच बाबांना म्हटलं तर ते प्रथमच मोठ्याने बोलले. "दर महिन्याला येणाऱ्या बाईला काही नाही, आणि वर्षभर तोंड न दाखवणारीला दोनशे रुपये? हे ज्या दिवशी त्या दोघी एका लोकलमध्ये भेटतील त्या दिवशी आपण गेलो." आणि खरंय, डोंबिवलीत त्या भेटणारच. ८:१२ च्या लेडीज डब्यात.

ओकट्रीकर

बाबांना माझा दंडवत सांगा. मला ही गोष्ट शिकायला तीन वर्षं लागली. माझ्याकडे नेहमीच्या गिऱ्हाइकाने कॅश काउंटरवर दुसऱ्याचं कूपन पाहिलं आणि "मला का नाही?" विचारलं. उत्तर नव्हतं. आता नेहमीच्यांना सूट देत नाही, माल आधी देतो. हापूस आला की पेट्या उतरायच्या आदल्या रात्री फक्त त्यांना मेल. भाव सगळ्यांना तोच, पण निवडायला पहिला हात त्यांचा. लोकांना ते सवलतीहून जास्त आवडतं.

संख्यावेडी

साड्यांत तर हे फारच चालेल. एका रंगाची एकच साडी असते.

दुकानमांडणी

गौरीच्या साड्यांचा माल पुढच्या बुधवारी येतोय. ठरलं: मंगळवारी रात्री नेहमीच्यांना मेल, बुधवारी दुपारी २ ते ४ दुकान फक्त त्यांच्यासाठी, चहासकट. न येणाऱ्यांना कूपन वेगळं, पण तेही फक्त फॉल-बिडिंगचं. पैशातलं नाही. लोकलमध्ये भेटल्या तर निदान भांडणाला आकडा नको.

एक राहिलंच. त्या पाचांतल्या एक बाई टिटवाळ्याला राहायला गेल्यात, म्हणून येणं सुटलं होतं. कूपन दाखवायला फोन काढला तर आमच्या गाळ्यात रेंज नाही. त्या दारात जाऊन, हात वर करून मेल उघडायला बघत होत्या. बाबा आतून म्हणाले, "राहू दे, राहू दे, आलीस ना." आणि २०० कापून दिले. क्रमांक काही लिहून घेतला नाही. त्यामुळे १४ चा आकडा माझ्या आठवणीतून भरलाय, हे प्रामाणिकपणे सांगते. आता कूपनांची यादी छापून गल्ल्यात ठेवलीय, नावावरून बघायला.

खवचट

मीही मागच्या महिन्यात बायकोबरोबर तुमच्या दुकानात येऊन गेलो, वहीत 'कूपन हवं' वर खूणसुद्धा केली. अजून काही आलेलं नाही. प्रमोशन्सचा खण आयुष्यात पहिल्यांदा उघडून बघितला.

दुकानमांडणी

पावसाळी छत्री विसरून गेलेले तुम्हीच का? पत्ता मिळालाय तुमचा. पुढे 'जीमेल.कॉन' लिहिलंय. छत्री गल्ल्यामागे ठेवलीय, बुधवारी २ ते ४ सोडून कधीही घेऊन जा.